एम.ए. : विद्यापीठाच्या विभागात की संलग्न महाविद्यालयात?

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातून एम.ए. करायचे ठरले, तरी गणेशखिंडीच्या आवारातील विभागात प्रवेश घ्यावा की संलग्न महाविद्यालयात, हा प्रश्न उरतोच. पदवी दोन्हीकडे विद्यापीठाचीच मिळते. मी इतिहासासाठी विभाग निवडला. त्याआधी काही आठवडे एका महाविद्यालयात एम.ए.च्या वर्गात बसलो होतो, एवढ्याच अनुभवावर हे लिहीत आहे.

प्रवेशाची वाट महाविद्यालयात निःसंशय सोपी आहे. विभागासाठी प्रवेश परीक्षा, मग गुणवत्ता यादी आणि तिथेही नाव वर-खाली होण्याची धाकधूक. शिवाय वसतिगृह मिळेलच याची खात्री नसते, त्यामुळे नाशिक किंवा अहिल्यानगरच्या विद्यार्थ्याला घराजवळचे महाविद्यालय बरेच स्वस्त पडते. आमच्या महाविद्यालयातले प्राध्यापकही उत्तम होते, आणि वर्ग लहान असल्याने ते प्रत्येकाला नावाने ओळखत.

माझे मन उडाले ते खोलीपायी. तेथे एम.ए.ला स्वतःची अशी वर्गखोली नव्हती. पदवीचे वर्ग सुटले की रिकामी सापडेल ती खोली आमची. शिपाईमामांना गाठून कुलूप उघडेपर्यंत तासातली पंधरा मिनिटे गेलेली असत. त्यातच महाविद्यालय कुठल्यातरी परीक्षेचे केंद्र झाले, की फळ्यावर बैठक क्रमांक लागत आणि सर्वांत आधी आमचेच तास रद्द होत. सगळीकडे असेच असेल असे म्हणता येणार नाही, पण एम.ए. हा तिथे पदवीला जोडलेला उपक्रम आहे, ही भावना काही केल्या जाईना.

विभागात निदान हा प्रश्न उद्भवला नाही. तिथे पदव्युत्तर विद्यार्थी पाहुणा नसतो, अभ्यासक्रमातील वैकल्पिक विषयांची निवडही मला अधिक मोकळी वाटली. तास संपला की जयकर ग्रंथालयात जाऊन बसता येते. पहिले कुलगुरू बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या नावाचे हे ग्रंथालय एवढे एकच कारण मला पुरेसे झाले असते. विद्यापीठ चौकातील वाहतूक मात्र सोसावी लागते; खडकीच्या बाजूच्या फाटकाने आत येणे सोयीचे असेल तर तेच करावे.

नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांनी महाविद्यालयच पाहावे, कारण विभागातील तास दिवसभर विखुरलेले असतात. इतरांनी विभागाचा अर्ज तरी जरूर भरावा, आणि तोही पदवीच्या अंतिम निकालाची वाट न पाहता : प्रवेश परीक्षेची मुदत बहुधा निकालाआधीच संपते, आणि मग निवड करायला महाविद्यालयच शिल्लक राहते.