थ्रस्ट अँगलसाठी सुताराचा डिजिटल गेज: डाउन थ्रस्टला उत्तम, राइट थ्रस्टला फुटपट्टीच बरी

हार्डवेअरच्या दुकानात करवतीचं पातं किती अंश कललंय ते बघायला एक चौकोनी डबी मिळते. सहा सेंटिमीटरच्या आसपास लांब-रुंद, तळाला चुंबक, समोर आकड्यांचा पडदा. डिजिटल अँगल गेज किंवा अँगल क्यूब या नावाने ती विकतात. मुंबईत नागदेवी, पुण्यात बोहरी आळी अशा हार्डवेअर बाजारांत चौकशी करावी; ऑनलाइन साधारण हजार रुपयांच्या आसपास येते. शिक्के वेगवेगळे असले तरी आतली करामत एकच, म्हणून हे परीक्षण कुठल्या एका कंपनीचं नाही, या प्रकारच्या डबीचं आहे. तेही एकाच कामापुरतं: रेडिओ कंट्रोल विमानाच्या मोटरचा थ्रस्ट अँगल, म्हणजे विमानाच्या मध्यरेषेच्या तुलनेत मोटरचा कल, बसवणं.

पडद्यावर ०.१ अंशापर्यंत आकडा दिसतो, खोक्यावर अचूकता बहुधा ±०.२ अंश लिहिलेली असते. भरवसा ठेवायचा तो दुसऱ्या आकड्यावर. आपल्या कामाला तेवढं पुरतं. मागून पाहताना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरणारा प्रॉप (मोटरचा पंखा) मागची हवा पिळत नेतो, ती फिनच्या, म्हणजे शेपटीवरच्या उभ्या पंखाच्या, डाव्या अंगावर आदळते आणि नाक डावीकडे वळतं. त्यावर उपाय म्हणून मोटर उजवीकडे १ ते ३ अंश वळवतात; हा राइट थ्रस्ट. उंच पंखाच्या ट्रेनरमध्ये (शिकाऊ विमानात) थ्रॉटल, म्हणजे मोटरची ताकद, वाढवला की पंखाची उचल वाढून नाक वर जातं, म्हणून मोटर २ ते ४ अंश खाली झुकवतात; हा डाउन थ्रस्ट. मधल्या पंखाच्या, सिमेट्रिकल एअरफॉइलच्या (पंखाचा छेद वर-खाली सारखा असलेल्या) कसरती विमानाला डाउन थ्रस्ट शून्य ते एक अंश पुरतो. म्हणजे सगळा खेळ तीन-चार अंशांचा. त्यात अर्ध्या अंशाचा फरक उड्डाणात जाणवतो, पण डोळ्यांना दिसत नाही. गेज हवा तो यासाठी.

आता मुख्य अडचण. ही डबी गुरुत्वाकर्षणाच्या तुलनेत कल मोजते. मोटर खाली झुकलेली असेल तर तिला ते कळतं. मोटर उजवीकडे वळलेली असेल तर गुरुत्वाकर्षणाच्या लेखी काहीच बदललेलं नसतं. टेबलावर सरळ ठेवलेल्या विमानात राइट थ्रस्ट शून्य असो की पाच, पडद्यावरचा आकडा तोच. विकणारे हे सांगत नाहीत, कारण करवतीच्या पात्याला हा प्रश्नच येत नाही.

डाउन थ्रस्टसाठी मात्र तिच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही. संदर्भ टेबलाचा घेऊ नका, स्टॅबिलायझरचा, म्हणजे शेपटीच्या आडव्या पंखाचा, घ्या. बहुतेक मॉडेलमध्ये स्टॅबिलायझर शून्य अंशाला बसवलेला असतो आणि सपाट शीटचा असेल तर डबी थेट त्यावर बसते. फोमचा स्टॅबिलायझर वजनाने वाकतो, म्हणून डबी मुळापाशी, फ्युजलाजला (विमानाच्या धडाला) लागून ठेवा. शेपटीखाली पुठ्ठ्याचे तुकडे सारत पडद्यावर ०.० येईपर्यंत विमान समतल करा. डबीवरचं शून्य करायचं बटण दाबून काम भागवू नका. डबी काही मिनिटांनी आपोआप बंद होते, आणि काही डब्यांमध्ये त्याबरोबर ते शून्यही जातं. मग नंतरची सगळी मापं चुकतात आणि चूक लक्षातही येत नाही.

डबी मोटरच्या बेलला, म्हणजे फिरणाऱ्या बाहेरच्या कवचाला, थेट चिकटवण्याचा मोह होतो, तो टाळा. अशा मोटरच्या (आउटरनरच्या) बेलमध्ये स्वतःचे चुंबक असतात, डबी त्यावर खटकन बसते आणि बसते ती वाकडी. २२१२ या मापासारख्या मोटरची बेल दोन-अडीच सेंटिमीटर लांब, त्यावर सहा सेंटिमीटरची डबी डुगडुगणारच. चुंबकामुळे आकडा बिघडत नाही, बैठकीमुळे बिघडतो. त्यापेक्षा ३ मिमी जाड ॲक्रिलिकचा ५ × १० सेंमी तुकडा कापा, मधोमध प्रॉपच्या भोकाएवढं भोक पाडा, डबी धरावी म्हणून एका बाजूला जुन्या पोलादी पट्टीचा तुकडा चिकटवा, आणि ही पाटी प्रॉपच्या जागी ॲडॅप्टरवर (प्रॉप शाफ्टला जोडणाऱ्या तुकड्यावर) कसा. प्रॉप काढल्यावरच हे करायचं आणि बॅटरीची जोडणीही सोडवलेली हवी.

पाटी उभी असते, म्हणून वाचन ९० च्या आसपास येतं. २ अंश डाउन थ्रस्ट असेल तर पाटीची वरची कड पुढे झुकते. पण बऱ्याच डब्या ९० च्या पुढे न जाता परत मागे मोजतात, त्यामुळे ८८ हा आकडा डाउन थ्रस्टचाही असू शकतो आणि अप थ्रस्टचाही. दिशा डोळ्यांनीच बघायची. एक वाचन घ्या, मोटर अर्धा फेरा फिरवा, दुसरं घ्या आणि सरासरी काढा. कोलेट ॲडॅप्टर क्वचितच शाफ्टला अगदी काटकोनात बसतो. या सरासरीत त्याची चूक निघून जाते. डबी स्वतः काटकोनाला खरी आहे का, हे आधी चांगल्या गुण्यावर तपासून घ्या. ० ला बरोबर असलेली डबी ९० लाही बरोबर असेलच असं नाही.

वजन हा तिचा खरा दोष. डबी पन्नास-साठ ग्रॅमची, म्हणजे जवळपास २२१२ मोटरएवढी. फोम बोर्डच्या नाकावर ती टांगली की नाक खाली लवतं आणि नसलेला डाउन थ्रस्ट दिसतो. फायरवॉलच्या, म्हणजे मोटर जिच्यावर बसते त्या नाकातल्या फळीच्या, बरोबर खाली फोमचा ठोकळा देऊन मगच मोजा. हाच दोष मोबाइलच्या फुकट ॲपला कितीतरी मोठ्या प्रमाणात लागू होतो.

राइट थ्रस्ट डबीने मोजायचाच असेल तर विमान कुशीवर आडवं करावं लागतं: पंख उभे, फिन आडवी. फिनवर ०.० येईल असं विमान टेकवायचं, मग पाटीवर वाचन. फिन निमुळती असेल तर दुसऱ्या कुशीवरही तेच करून सरासरी. हे होतं, पण दीड मीटर पंखाचं मॉडेल असं स्थिर धरायला दोन माणसं लागतात आणि फिन सरळ चिकटवलेली आहे हे गृहीत धरावं लागतं. इथे साधी फुटपट्टी किंवा टेप जास्त प्रामाणिक आहे.

टेपची रीत अशी. प्रॉप आडवा करा आणि एका पात्याच्या टोकाला खूण करा. ते टोक डावीकडे ठेवून तिथून शेपटीच्या मध्यबिंदूपर्यंत अंतर मोजा. प्रॉप अर्धा फेरा फिरवून तेच टोक उजवीकडे आणा, पुन्हा मोजा. पातं तेच वापरायचं, कारण दोन पाती मापाला तंतोतंत सारखी असतीलच असं नाही. डावीकडचं अंतर जितकं जास्त, तितका राइट थ्रस्ट. १० इंची प्रॉपला दर अंशामागे फरक सुमारे ४.४ मिमी पडतो. म्हणजे टेप वाचताना १ मिमी चुकला तरी चूक पाव अंशाच्या आत, डबीइतकीच. डाउन थ्रस्टला ही युक्ती चालत नाही, कारण शेपटीचा बिंदू उभ्या दिशेत फ्युजलाजच्या मध्यरेषेवर असतोच असं नाही.

मोजून झालं की कोन बदलायचा कसा, तर माउंट (मोटर धरणारी बैठक) आणि फायरवॉल यांच्यामध्ये वॉशर घालून. माउंटच्या भोकांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये घेऊन त्याला ०.०१७५ ने गुणा. एका अंशाला तितकी जाडी लागते. अंतर ३२ मिमी असेल तर ०.५६ मिमी. एम३ चा प्रमाणित वॉशर ०.५ मिमी जाड असतो, म्हणून अशा माउंटवर एक वॉशर म्हणजे ०.९ अंश, दोन म्हणजे १.८. चारही बोल्ट चौकोनाच्या कोपऱ्यांवर असतील तर डाउन थ्रस्टसाठी वरच्या दोन बोल्टांखाली, राइट थ्रस्टसाठी पायलटच्या डाव्या हाताच्या दोन बोल्टांखाली. दोन्ही हवे असतील तर वर-डावीकडच्या बोल्टाला दोन्हींची बेरीज, खाली-उजवीकडच्याला काहीच नाही.

दोन अंशांच्या पुढे मात्र वॉशर सोडा आणि पाचर वापरा. दोन-तीन वॉशरांवर उभा केलेला ॲल्युमिनियमचा क्रॉस माउंट बोल्ट आवळताना वाकतो, आणि वॉशर मऊ प्लायमध्ये रुतत जातात. थ्रीडी प्रिंट केलेली पाचर पीएलए प्लास्टिकची नको. पीएलए ६० अंश सेल्सिअसच्या सुमारास मऊ पडतं, आणि एप्रिल-मेमध्ये बंद गाडीत उन्हात ठेवलेल्या विमानाला वर मोटरची धग मिळाली की ती दबते. पीईटीजी चालेल, बर्च प्लायची घासून केलेली पाचर सगळ्यात भरवशाची.

राइट थ्रस्ट दिला की स्पिनर (प्रॉपच्या मध्यावरची टोपी) उजवीकडे सरकतो. फायरवॉलपासून स्पिनरपर्यंत ५० मिमी असेल तर २ अंशांना सुमारे १.७५ मिमी. तेवढा माउंट आधीच डावीकडे घेऊन भोकं पाडली तर स्पिनर नाकाच्या मध्यावर येतो. भोकं पाडून झाल्यावर हे आठवलं तर सगळं नव्याने करावं लागतं.

आणि गेज सांगेल तो आकडा ही फक्त सुरुवात आहे. सीजी (गुरुत्वमध्य) बरोबर असल्याची खात्री करा, अर्ध्या थ्रॉटलला विमान सरळ-समतल ट्रिम करा आणि मग थ्रॉटल एकदम बंद करा. नाक वर आलं तर डाउन थ्रस्ट जास्त आहे, झटक्यात खाली गेलं तर कमी. वेग ओसरल्यावर हळूहळू खाली येणं स्वाभाविक आहे, त्याला दोष मानू नका. राइट थ्रस्टसाठी पूर्ण थ्रॉटलवर सरळ उभी चढाई: वेग टिकून असतानाच नाक डावीकडे वळलं तर अर्धा अंश वाढवा, उजवीकडे वळलं तर कमी करा. एका वेळी एकच कोन बदला. मोटर पंखाच्या वर बसवलेल्या ग्लायडरमध्ये थ्रॉटल दिला की नाक खाली दबतं. तिथे अप थ्रस्ट लागतो. उलट फिरणारा प्रॉप लावला असेल तर राइटचा लेफ्ट होतो.

घ्यावा का? ट्रेनर, स्केल किंवा वर्षाला दोन-तीन मॉडेल बांधणाऱ्याने जरूर घ्यावा. पंखाचा कोन, सर्व्हो हॉर्नचा कोन, एलेरॉनची हालचाल यांनाही तो लागतो. एकच फोमी उडवणाऱ्याला प्रॉपच्या टोकाची रीत आणि चार वॉशर पुरतात. घेताना पडदा उजेडात वाचता येतो का, दिशेचा बाण दिसतो का, आणि डबी अर्धा फेरा फिरवून त्याच जागी ठेवली की आकडा तोच राहतो का, हे दुकानातच तपासा. शेवटच्या तपासणीत ०.३ च्या वर फरक पडला तर दुसरी मागा.

बसवून झाल्यावर धातूतल्या बोल्टांना मध्यम ताकदीचं थ्रेडलॉक लावा, प्लायमध्ये ब्लाइंड नट बसवा, आणि माउंटच्या कडेने फायरवॉलवर पेनाने रेघ मारून शेजारी मोजलेले दोन्ही कोन लिहा. पाच उड्डाणांनंतर पुन्हा मोजा. वॉशर रुतले असतील तर बहुधा तोवर दिसतं.