बूस्ट कंट्रोलरचा डबा अस्सल, नळी मात्र बंद

साडेतीन महिने मी ज्या बूस्ट कंट्रोलरची, म्हणजे टर्बो इंजिनात किती दाबानं हवा भरतो ते ठरवणाऱ्या यंत्राची, बटणं कौतुकानं दाबत होतो, त्याचा माझ्या टर्बोशी काडीचाही संबंध नव्हता. लिहायला लाज वाटते, कारण गाड्यांतलं आपल्याला बऱ्यापैकी कळतं असा माझा समज होता. पण ज्या पद्धतीनं मला गंडवलं ती इतकी सोपी आहे की आणखी कोणी तरी त्यात नक्की अडकलं असणार.

गाडी जुनी, दोन लिटरची टर्बो, दोन दारांची. कंपनीनं तिच्यात बूस्टसाठी इलेक्ट्रॉनिक काही दिलेलंच नाही. टर्बोच्या कॉम्प्रेसरवरून एक बारीक नळी निघते आणि थेट वेस्टगेट नावाच्या झडपेच्या अ‍ॅक्च्युएटरला जाते. झडप हलवणाऱ्या या भागातली स्प्रिंग ०.५ बारची (बार हे दाबाचं एकक). तेवढा दाब आला की स्प्रिंग दबते, वेस्टगेट उघडतं आणि जास्तीचा एक्झॉस्ट टर्बाइनला वळसा घालून निघून जातो. कंट्रोलर बसवायचा म्हणजे या नळीच्या वाटेत सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारी झडप, घालायचा. तो सतत उघडझाप करत अ‍ॅक्च्युएटरपर्यंत पुरता दाब पोचू देत नाही, म्हणून वेस्टगेट उशिरा उघडतं आणि बूस्ट चढतो. मला ०.८ बार हवा होता. इंजिन तेवढं सोसेल याची आधी खात्री करून घेतली होती.

डबा मी स्वतः आणला, सीलबंद. बसवायला एका नावाजलेल्या गॅरेजमध्ये दिला. संध्याकाळी गाडी घ्यायला गेलो तर काम झकास दिसत होतं. डॅशबोर्डवर डिस्प्ले, बॉनेटखाली सोलेनॉइड नीट ब्रॅकेटवर, निळ्या सिलिकॉनच्या नळ्या, जागोजागी झिपटाय. चालवून पाहिली तर काटा बरोब्बर ०.८ ला. हातात डायनोचा (इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्राचा) ग्राफही ठेवला. मी खूश. निघताना गॅरेजवाला म्हणाला, "साहेब, सेटिंगला हात लावू नका बरं का, ट्यूनिंग लॉक केलंय." खरं तर तिथंच विचारायला हवं होतं की लॉक कशासाठी? कंट्रोलर घेतो तोच मुळी सेटिंग बदलता यावं म्हणून. पण समोरचा माणूस जाणकार वाटला की आपण प्रश्न गिळतो.

पहिले दोन महिने सुरळीत गेले. मग काटा हळूहळू ०.८ च्या पुढं सरकू लागला. ०.८५, ०.९. फोन केला तर उत्तर आलं, "थंडीची हवा दाट असते, होतं असं." यात अर्धसत्य होतं, म्हणून मी गप्प बसलो. एक दिवस चढावर पाचव्या गिअरमध्ये पाय दाबला, काटा एकच्या पार गेला आणि गाडीला असा धक्का बसला की वाटलं कोणी मागून दोर ओढला. ईसीयूनं, म्हणजे इंजिनाच्या संगणकानं, इंधन तोडलं होतं. नशीब माझं. नाही तर एवढ्या दाबाला इंधन कमी पडलं आणि नॉकिंग (मिश्रण अवेळी पेटून बसणारे ठोके) सुरू झालं, की पिस्टनच्या रिंगांमधले कडे तुटायला फार वेळ लागत नाही.

त्या रात्री 'लॉक' केलेलं सेटिंग उघडलं. ते उघडायला काहीच लागलं नाही, लॉक नव्हतंच. ड्यूटी, म्हणजे सोलेनॉइड किती वेळ चालू राहायचा ते प्रमाण, शून्यावर आणून गाडी चालवली, बूस्ट तेवढाच. मग सोलेनॉइडचा कनेक्टरच काढून टाकला. नळ्या बरोबर जोडल्या असतील तर वीज तोडल्यावर बूस्ट स्प्रिंगच्या दाबावर, म्हणजे माझ्या गाडीत ०.५ वर, यायलाच हवा. माझा काटा पुन्हा ०.९ ला. तेव्हा पोटात गोळा आला.

सकाळी एअर बॉक्स काढून निळ्या नळ्यांचा माग काढला. दोन्ही नळ्या सोलेनॉइडमधून ऐटीत निघून इंजिनामागं गेल्या होत्या आणि तिथं त्यांच्या टोकांत एकेक स्क्रू पिळून बसवला होता. एवढंच. कंपनीची जुनी काळी नळी खाली जागच्या जागी होती. फक्त तिच्यात मधोमध पितळेची इवलीशी टी टोचलेली, टीच्या तिसऱ्या तोंडाला रबरी टोपी आणि टोपीला सुईनं पाडलेलं भोक. त्या भोकातून थोडी हवा गळायची, अ‍ॅक्च्युएटरला कमी दाब मिळायचा आणि बूस्ट चढायचा. टर्बोच्या उष्णतेनं रबर कडक होऊन चिरलं, भोक मोठं झालं, आणि मला 'दाट हवा' सांगण्यात आली! डिस्प्लेवरचा आकडा मात्र खरा होता, कारण डब्याच्या प्रेशर सेन्सरची नळी त्यानं इमानेइतबारे इंजिनात हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डला जोडली होती. म्हणून तर मी फसलो.

मग ग्राफ काढून पाहिला. त्यातली रेघ ७,८०० आरपीएमपर्यंत गेलेली. माझी गाडी ७,००० ला लिमिटरवर आपटते, त्यापुढं इंजिन फिरतच नाही. कागद दुसऱ्याच गाडीचा होता आणि मी तो फ्रेम करायचा विचार केला होता.

फोटो घेऊन गॅरेजमध्ये गेलो. तो शांतपणे म्हणाला, "तुम्हाला बूस्ट पाहिजे होता, बूस्ट दिला ना?" सोलेनॉइड बसवणं हे तासाभराचं काम. वेळ जातो तो त्यानंतर, ड्यूटी थोडी थोडी वाढवत, प्रत्येक वेळी मिश्रण तपासत सेटिंग लावण्यात. तो पूर्ण दिवस त्यानं एका रबरी टोपीवर वाचवला होता. बरीच वादावादी झाल्यावर मजुरीचे निम्मे पैसे परत दिले, तेही उपकार केल्यासारखे.

नंतर मित्रासोबत स्वतःच सगळं पुन्हा जोडलं. कोणाकडून काम करून घेतलंत तरी गाडी ताब्यात घेण्याआधी, त्याला शेजारी बसवून, सोलेनॉइडचा कनेक्टर काढून एक फेरी मारा. तयार नसेल तर बॉनेट उघडा आणि प्रत्येक नळीचं दुसरं टोक हातानं शोधा. आम्ही कनेक्टर काढून फेरी मारली तेव्हा काटा ०.५ ला जाऊन थांबला. गाडी मरगळल्यासारखी धावत होती आणि आम्ही दोघं आत टाळ्या पिटत होतो.