झूम, हलकी प्राईम की एफ ४? ६०० मिमीची लेन्स निवडताना

पक्षी टिपायला लागलेल्या माणसाला काही महिन्यांतच ४०० मिमी अपुरी वाटू लागते आणि ६०० मिमीचा शोध सुरू होतो. तिथे पोहोचायच्या आज तीन वाटा आहेत: शेवटच्या टोकाला एफ ६.३ होणारी झूम, त्याच ॲपर्चरची हलकी प्राईम आणि एफ ४ची मोठी प्राईम. (प्राईम म्हणजे एकाच फोकल लांबीची लेन्स. मिमीतला आकडा ही फोकल लांबी, तो मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं. एफचा आकडा म्हणजे ॲपर्चर, तो लहान तितका प्रकाश जास्त.) मी झूम स्वतःची वापरतो, बाकी दोन भाड्याने आणि मित्रांकडून घेऊन बराच काळ हाताळल्या आहेत.

या तिघींतला मूळ फरक तोंडाच्या व्यासाचा. फोकल लांबीला एफच्या आकड्याने भागलं की तो मिळतो. ६०० भागिले ४ म्हणजे १५० मिमी, ६०० भागिले ६.३ म्हणजे साधारण ९५ मिमी. काच एवढी मोठी झाली की वजन वाढतंच. सोनीची ६०० एफ ४ सुमारे ३ किलोची आहे, त्यांचीच २००-६०० झूम २.१ किलोची. बदल्यात एफ ४ला जवळजवळ अडीचपट प्रकाश मिळतो. झूमवर आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) ८००० लागतो त्याच क्षणी एफ ४वर ३२०० पुरतो.

हा फरक दुपारी जाणवत नाही. जाणवतो तो सूर्य उगवण्याआधीच्या आणि मावळल्यानंतरच्या अर्ध्या तासात, दाट झाडीखाली, ढगाळ दिवशी. दुर्दैवाने बिबट्या, घुबड, सांबर यांची हालचाल नेमकी याच वेळी असते. आजचं नॉईज, म्हणजे जास्त आयएसओमुळे फोटोत येणारे दाणे, काढणारं सॉफ्टवेअर इतकं चांगलं झालंय की केवळ नॉईजसाठी एफ ४ घ्या असं मी आता कुणाला सांगणार नाही. पार्श्वभूमीचं तसं नाही. प्राण्यामागे चार-पाच मीटरवर काटक्यांचं जाळं असेल तर एफ ४ ते विरघळवून टाकते. एफ ६.३वर त्याच काटक्या रेघांसारख्या उभ्या राहतात आणि नंतर बसून त्या नीट पुसता येत नाहीत.

झूमची ताकद कागदावर दिसत नाही. फुलफ्रेमवर (३६ × २४ मिमीच्या सेन्सरवर) ६०० मिमीला कर्णात जेमतेम ४ अंशांचा कोन दिसतो, २०० मिमीला १२ अंशांहून थोडा जास्त. उडता पक्षी ४ अंशांच्या फटीत शोधायचा म्हणजे नवख्याला निव्वळ आकाशच दिसत राहतं. झूमवाला २००वर पक्षी पकडतो आणि फोकसचं ट्रॅकिंग बसलं की ६००वर जातो. दुसरा प्रसंग माझ्या डोळ्यांसमोर घडलेला आहे. पाणवठ्यावर प्राईम लावून बसलो होतो, चितळांचा कळप पलीकडच्या काठावरून सरळ माझ्याकडे चालत आला. शेवटच्या वीस-एक फ्रेममध्ये कान आहेत, शिंगं आहेत, पूर्ण प्राणी एकही नाही. त्या सकाळची हळहळ अजून गेलेली नाही.

झूम घेताना एक गोष्ट आवर्जून बघा: ती आतल्या आत झूम होते की लांब होते. सोनीची २००-६०० आणि निकॉनची १८०-६०० यांची लांबी बदलत नाही, त्यामुळे गिम्बलवरचा (जड लेन्स तोलून धरणाऱ्या ट्रायपॉडच्या डोक्यावरचा) तोल ढळत नाही. कॅननची १००-५०० बाहेर येते, ५००लाच थांबते आणि तिथे एफ ७.१ होते. मात्र ती १.४ किलोच्या आतली आहे, दिवसभर चालणाऱ्याला याचं मोल कळेल. कॅननचीच २००-८०० पल्ला भरपूर देते, ८००वर एफ ९ स्वीकारून.

हलकी प्राईम ही तुलनेने नवी सोय. निकॉनची २०२३ची ६०० एफ ६.३ कॉलरसकट (ट्रायपॉडला जोडायच्या कडीसकट) १.४७ किलो भरते, त्यांची १८०-६०० झूम कॉलरसकट २.१४. सहाशे-सातशे ग्रॅम ऐकायला किरकोळ वाटतात. चार तास हातात धरून पाकोळ्यांच्या मागे कॅमेरा फिरवल्यावर किरकोळ राहत नाहीत. हे वजन फेज फ्रेनेल नावाच्या पातळ भिंगामुळे कमी झालंय. त्याची किंमत म्हणजे सूर्यासारखा तीव्र प्रकाश फ्रेममध्ये किंवा फ्रेमच्या अगदी जवळ असला तर कधीकधी रंगीत कड्यांसारखा फ्लेअर येतो. सूर्यासमोरची छायाकृती तुमची आवड असेल तर आधी तपासून घ्या.

टेलिकन्व्हर्टरचा, म्हणजे लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये लावून फोकल लांबी वाढवणाऱ्या जोडभिंगाचा, हिशेब थोडक्यात. १.४ पटीचा लावला की एक स्टॉप जातो, म्हणजे प्रकाश निम्मा होतो: एफ ६.३ची एफ ९ होते, एफ ४ची एफ ५.६. म्हणजे एफ ४ घेणाऱ्याला ८४० मिमीसुद्धा वापरण्याजोगी मिळते, बाकीच्यांना ती फक्त चांगल्या उन्हात. कॅननच्या १००-५००वर कन्व्हर्टर लावला तर ३००च्या खाली येताच येत नाही, हे अनेकांना घेतल्यावर कळतं.

आता बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा. इथे मी एकाच गोष्टीकडे बघतो, सेन्सर किती वेगाने वाचला जातो. साधा सेन्सर ओळीओळीने सावकाश वाचला जातो, म्हणून सायलेंट शटरवर फडफडणारे पंख वाकडे येतात, फिरणारी बॅट धनुष्यासारखी दिसते. खूप वेगाने वाचल्या जाणाऱ्या स्टॅक्ड सेन्सरमध्ये हे जवळजवळ संपतं. निकॉनने २०२१च्या झेड ९मध्ये तर यांत्रिक शटरच काढून टाकलं. सोनीच्या ए ९ तीनमध्ये ग्लोबल शटर आहे, अख्खी फ्रेम एकाच क्षणी वाचली जाते, सेकंदाला १२० फ्रेम मिळतात. त्यासाठी तिचा सर्वांत कमी आयएसओ २५०पासून सुरू होतो. साधा सेन्सर असलेली बॉडी यांत्रिक शटरवर आजही उत्तम काम देते. फक्त तिचा आवाज आणि तिचा कमी वेग धरून चाला.

खंड्या सूर मारतो तो क्षण हवा असेल तर प्री-कॅप्चर असलेली बॉडी घ्या. बटण पूर्ण दाबण्याआधीच्या काही फ्रेमही ती जपून ठेवते. फांदीवरून उडण्याचा क्षण माणसाच्या प्रतिक्रियेपेक्षा लवकर येतो, त्यामुळे ही सोय मला बर्स्टच्या (सलग फोटो काढण्याच्या) वेगापेक्षा मोठी वाटते. काही बॉडी त्या फ्रेम फक्त जेपेगमध्ये देतात, रॉमध्ये (सेन्सरच्या कच्च्या माहितीत) नाही.

फुलफ्रेमहून लहान असलेल्या क्रॉप सेन्सरवर ६०० मिमी ९०० मिमीसारखी दिसते. पल्ला लागतो त्यांना ही स्वस्तातली वाट आहे, मात्र उडता पक्षी शोधणं आणखी अवघड होतं. आणि लांबून काढलेल्या फोटोत तापलेल्या हवेची थरथर आली तर कुठलीच लेन्स, कुठलाच सेन्सर वाचवत नाही. जवळ जा किंवा सकाळी लवकर या.

मैदानी खेळांसाठी निर्णय सोपा आहे. खेळाडू सतत जवळ-लांब होतो, तिथे झूमच. रात्रीच्या दिव्यांखाली किंवा सभागृहात सेकंदाच्या १/१००० इतकं शटर हवं असेल तर एफ ६.३चा विचार सोडा, ७०-२०० एफ २.८ घ्या.

पहिलीच लांब लेन्स घेत असाल तर माझं मत स्पष्ट आहे: झूम. आधीपासून झूम असेल आणि पुढे काय घ्यावं हे कळत नसेल तर मागच्या वर्षभरातले, तुम्ही स्वतः निवडून ठेवलेले फोटो उघडा आणि त्यांची माहिती वाचा. दहापैकी आठ फोटो ६००वरच काढलेले असतील आणि प्रकाश बरा असेल तर हलकी प्राईम. निम्म्याहून जास्त फोटोंत आयएसओ ६४००च्या वर गेला असेल आणि तुम्ही बहुतेक वेळा गाडीतून किंवा एका जागी बसून फोटो काढत असाल तर एफ ४, तीसुद्धा आधी दोन दिवस भाड्याने आणून. फोकल लांब्या २००पासून ६००पर्यंत विखुरलेल्या दिसल्या तर लेन्स आहे तीच राहू द्या आणि पैसे वेगाने वाचणाऱ्या सेन्सरच्या बॉडीसाठी ठेवा.