आहे तशी विकायची, की मूळ रूपात आणून?

जपानहून ब्रिटनमध्ये आलेली, बरेच भाग बदललेली 1995 ची निस्सान स्कायलाइन आर33 जीटी-आर विकायची तर वाटा दोनच. सगळ्या बदलांसकट विकणं सोपं. पण टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा भाग), कॉइलओव्हर (उंची बदलता येणारं सस्पेंशन), एक्झॉस्टवर ओतलेला पैसा क्वचितच सुटतो. समोरचा बॉनेट उघडतो आणि इंजिनच्या संगणकाच्या जुळवणीबद्दल पहिलं विचारतो, "मॅपिंग कुणी केलंय?" बिलं निघाली नाहीत की भाव तिथेच पडतो. शिवाय ब्रिटनमध्ये प्रत्येक बदल विमा कंपनीला कळवावा लागतो, त्यामुळे तरुण गिऱ्हाईक बिचकतं.

दुसरी वाट म्हणजे मूळ भाग परत बसवायचे आणि उतरवलेले सुटे विकायचे. काम कटकटीचं, आणि जुने भाग गॅरेजात जपून ठेवले असतील तरच शक्य. मूळ टर्बोंची टर्बाइन चाकं सिरॅमिकची. बूस्ट, म्हणजे टर्बोचा हवेचा दाब, वाढवून पिळली असतील तर फुटू शकतात, म्हणून बसवण्याआधी तपासून घ्या. पण गिऱ्हाईक वाढतं. अमेरिकेत 25 वर्षांवरची गाडी आयात करता येते, आणि तिकडचे संग्राहक बहुधा मूळ गाडीच शोधतात.

मी हीच वाट धरेन. बदललेली अलॉय व्हील्स मात्र तशीच ठेवेन. नको असतील त्याला मूळची देता येतात, अर्ध्या तासाचं काम.