माझ्या बादलचा व्हिडिओ बघून त्या ‘लेझरवाल्या’ला बोलावू नका

आमच्या माथेरानची माती लाल. घोड्याच्या लघवीतून रक्त गेलं तरी त्या मातीवर दिसत नाही. माझा घोडा बादल पंचकल्याणी आहे, म्हणजे चारही पाय आणि कपाळ पांढरं, म्हणून मला कळलं. गेल्या मे महिन्यात, रविवारच्या गर्दीत, गाड्या जिथे थांबतात त्या दस्तुरीहून प्रवाशांची तिसरी फेरी करून आलो, खोगीर उतरवलं आणि त्याच्या मागच्या पांढऱ्या पायावर गुलाबी ओघळ दिसला. तो पाय ताणून, शेपटी उचलून कितीतरी वेळ उभा राहायचा आणि पडायचे चार थेंब.

घरचे उपाय झाले. कुणी हुलग्याचा काढा सांगितला, कुणी पानफुटी. मग खालून पशुवैद्यक आले. कोपरापर्यंतचा मोजा चढवून गुदद्वारातून हात घातला, मनगट आत गेलं नाही तोच म्हणाले, “मूत्राशयात खडा आहे, मोसंबीएवढा. खच्ची केलेल्या घोड्यात हे जास्त दिसतं. मोठ्या दवाखान्यात न्या, काढून टाकतील.”

‘काढून टाकतील’ याचा अर्थ मी ‘पोट फाडतील’ असा घेतला. पूर्ण भूल दिलेला घोडा उठताना धडपडून पाय मोडून घेतो, हे आमच्याकडे पोरासोरांनाही माहीत असतं. कसा काढणार, हे विचारायला हवं होतं. विचारलं नाही, घाबरून गप्प बसलो.

आठवड्याभरात व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ आला. ‘घोड्याचा मूतखडा विना टाका, विना भूल, लेझरने गायब.’ फोन केला. माणूस गोड बोलायचा, पहिल्या वाक्यापासून मला ‘मामा’. एका बसणीचे चार हजार, अशा सहा बसण्या, पुड्यांचे साडेतीन हजार वेगळे. रोख. जुलैत आला. दस्तुरीच्या पुढे गाडी येत नाही, म्हणून त्याचं मशीन मीच दुसऱ्या घोड्यावर लादून वर आणलं. आता हसू येतं.

मी एवढं विचारलं होतं, “डॉक्टरसाहेब, तुमचा नोंदणी क्रमांक?” तो म्हणाला, “मामा, कार्डावर आहे ना.” कार्डावर नंबर होता. मोबाईलचा.

आता त्याची करामत नीट वाचा, कारण ती अडाणी नव्हती. आधी एक इंजेक्शन द्यायचा, “भूल नाही, नुसता शांत राहील.” बादलची मान खाली जायची. मग चिकट जेल लावून पाठीवर, कमरेवर अर्धा तास मशीनची मूठ फिरवायची. तेवढ्यात बादल सोडायचा भरपूर लघवी. ती काचेच्या बाटलीत धरून तो कट्ट्यावर ठेवायचा. पाऊण तासात तळाशी बोटभर पांढरट पिवळा गाळ बसायचा. “बघा मामा, चुरा पडतोय.” आणि मग लिंबू. गाळावर लिंबू पिळलं की फसफसून फेस यायचा. “आपली पुडी आतमध्ये हेच करते.” तबेल्यातली दहा माणसं डोळे फाडून बघत होती. त्यात माझाही व्हिडिओ झाला, ‘बादलला फरक पडला’ म्हणून मीच तो गटात टाकला. त्या व्हिडिओवरून आणखी दोघांनी त्याला बोलावलं. हे लिहायला बसलो ते त्या दोघांमुळे.

फरक खरंच पडला होता. रक्त थांबलं. पण पावसाळ्यात आमचा धंदा असतो कुठे? बादल दोन महिने नुसता उभा होता. घोडा चालला, पळाला की खडा मूत्राशयाला घासतो आणि रक्त येतं. उभा राहिला की येत नाही. शेवटच्या बसणीला त्याने काडेपेटीतून करड्या रंगाचा गुळगुळीत खडा काढून हातात ठेवला. म्हणे रात्री पडला. मी पाया पडायचा बाकी होतो.

दिवाळीच्या गर्दीत पहिल्याच दिवशी पांढरा पाय पुन्हा गुलाबी झाला.

त्या संध्याकाळी माझ्या मुलीने शेजारच्या धडधाकट घोडीची लघवी बाटलीत धरली आणि बादलच्या बाटलीशेजारी ठेवली. दोन्हीत सारखाच गाळ. लिंबू पिळलं, दोन्हीत सारखाच फेस. मग तिने काडेपेटीतल्या खड्यावर पिळलं. काही नाही. सह्याद्रीतला साधा काळा दगड, घासून गुळगुळीत केलेला.

नंतर मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी उलगडून सांगितलं. निरोगी घोड्याचीही लघवी गढूळच असते. ती क्षारधर्मी असते आणि तिच्यात कॅल्शियम कार्बोनेटचे कण असतात, म्हणजे चुनखडी म्हणा. चुनखडीवर लिंबू पडलं की फसफसणारच. त्या शांत करणाऱ्या औषधाने लघवीही जास्त होते. पुडीत नवसागर असावा असं त्यांना वाटलं. लघवीचा क्षारपणा उतरवायला, खडा पुन्हा होऊ नये म्हणून तो खरंच वापरतात, पण त्याने मोसंबीएवढा खडा विरघळत नाही. आणि मशीन? फोटो पाहून ते म्हणाले, “हे गुडघे शेकायचं आहे.”

लेझर खोटं नाही, हे मात्र लक्षात ठेवा. खरा लेझर दुर्बिणीतून जातो. मीटरभर लांब नळी लघवीच्या मार्गाने मूत्राशयात पोहोचते, तिच्यातून काचेचा बारीक तंतू खड्याला टेकवतात आणि तुकडे करतात. वेळ फार लागतो, कधी पुन्हा पुन्हा करावं लागतं. कातडीवरून मूठ फिरवून काही होत नाही. घोडी असेल तर आणखी सोपं, तिचा मार्ग आखूड आणि रुंद, बऱ्याचदा कापाकापी न करता हातानेच खडा निघतो.

बादलचं उभ्याउभ्याच झालं. गुंगी दिली, शेपटीच्या मुळाशी मणक्यात सुई देऊन मागचा भाग बधिर केला. गुदद्वाराच्या खाली छोटा छेद घेतला, तिथून मजबूत पिशवी आत सारली, खडा पिशवीत घेऊन फोडला आणि तुकडे काढले, म्हणजे टोकांनी आतलं अस्तर फाटत नाही. शेवटी पाण्याने मूत्राशय धुतलं. जखम शिवलीच नाही, ती आपोआप भरून येते. मी समोर उभा होतो, त्याच्या कपाळावर हात ठेवून. ज्याला मी सहा महिने भीत होतो ते हे.

तुकडे मी मागून घेतले. पिवळट तपकिरी, कदंबाच्या फळासारखे काटेरी. आता लसूणघास बंद, कोरडं गवत, मीठ, पाणी भरपूर, आणि अधूनमधून सोनोग्राफी; हा खडा पुन्हा होऊ शकतो.

पावती नाही, त्यामुळे २७,५०० रुपये परत येतील असं वाटत नाही. तक्रार दिली आहे. १९८४ च्या कायद्याप्रमाणे जनावरांवर असे उपचार नोंदणी असलेल्या पशुवैद्यकानेच करायचे असतात, तो क्रमांक राज्याच्या पशुवैद्यक परिषदेकडे पडताळता येतो. मी पडताळला नाही.

माझा व्हिडिओ मी पुसला, पण तो अजून फिरतोय, आता वर गाणंही घातलंय. त्यात कट्ट्यावर बाटली आहे आणि मागे कुमैत, म्हणजे तपकिरी अंगाचा, काळ्या आयाळीचा घोडा उभा आहे, चारही पाय पांढरे, कपाळावर पट्टा. तो माझा बादल. तेव्हा खडा त्याच्या पोटातच होता.