गोठ्यातल्या माश्या: बाटली, पट्टी की निंबोळी तेल?

पावसाळा लागला की पशुखाद्याच्या दुकानात माश्यांवरच्या 'नैसर्गिक' मालाची एक फळी भरते. आमिषाची बाटली, चिकट पट्टी, निंबोळी तेल. तिन्ही उपयोगाचे, पण तिन्हींची माशी वेगळी. ते न बघता घेतलं की पैसे गेले.

म्हणून आधी माशी ओळखा. घरमाशीची सोंड मऊ आणि खाली वळलेली. चावऱ्या माशीची सोंड डोक्याच्या पुढे सुईसारखी सरळ निघालेली असते आणि भिंतीवर ती बहुधा तोंड वर करून बसते. अंगावर तिची जागा ठरलेली: गुडघ्याखाली, पायांवर. नर आणि मादी दोघंही रक्त पितात. गाय सारखे पाय आपटते, शेपटीने पोट झोडते, गव्हाणीतलं खाणं सोडून गुरं एकमेकांना खेटून उभी राहतात, तेव्हा ही माशी आहे असं धरा. पुढच्या दोन पायांवर मिळून १० च्या वर माश्या दिसल्या तर दुधावर परिणाम होणार.

आमिषाची बाटली. भुकटी पाण्यात मिसळायची आणि दोन-तीन दिवस उन्हात कुजू द्यायची. वास सुटला की घरमाश्या ढिगाने पडतात. बाटली काळी झालेली बघून समाधान वाटतं, पण चावरी माशी या वासाला येतच नाही, तिला रक्त हवं. बाटली भरलेली आणि गाय तरीही पाय आपटतेय, ही तक्रार त्यातूनच येते. बाटलीचा दोष नाही, अपेक्षेचा आहे. दुसरी चूक टांगण्याच्या जागेची. दावणीवर किंवा दुधाच्या कॅनजवळ टांगली तर बाहेरच्या माश्या तुम्ही आत बोलावता. गोठ्यापासून १०-१५ मीटर लांब, उकिरड्याच्या बाजूला, कमरेएवढ्या उंचीवर टांगा. अर्धी भरायच्या आत रिकामी करा, नाहीतर मेलेल्या माश्यांच्या थरावर नव्या बसतात आणि सुखरूप उडून जातात. घरमाशीसाठी १० पैकी ७. चावऱ्या माशीसाठी शून्य.

चिकट पट्टी. बाजारात मिळते ती बहुतेक पिवळी, पिकावरच्या पांढऱ्या माशीसाठी बनवलेली. चावरी माशी पांढऱ्या आणि निळ्या रंगाकडे जास्त ओढली जाते आणि जमिनीलगत उडते. आढ्याला टांगलेल्या पिवळ्या पट्टीवर ती मिळाली नाही तर नवल नाही. पांढरा किंवा निळा तक्ता कुंपणाच्या बाहेरच्या अंगाला, जमिनीपासून एक ते तीन फुटांवर, उन्हात लावा. गोठ्यात नको: कुट्टीची धूळ बसून चिकटपणा जातो, वासरं चाटतात, पाली आणि चिमण्या अडकतात. १० पैकी ५, तेही रंग आणि उंची जमली तर.

निंबोळी तेल. गुरांच्या लम्पी त्वचारोगाच्या २०२२ च्या साथीनंतर याची फवारणी गावोगाव झाली. हे माशी मारत नाही, काही तास दूर ठेवतं. एवढं कळलं तर माल चांगला आहे. १ लिटर पाण्याला १० मिली निंबोळी तेल, १० मिली करंज तेल आणि ५ ग्रॅम अंगाच्या साबणाचा कीस. क्रम महत्त्वाचा: आधी साबण अर्ध्या मगभर कोमट पाण्यात विरघळवा, त्यात तेल घालून रवीने घुसळा, दुधासारखं पांढरं झालं की उरलेलं पाणी ओता. एका ग्लासात काढून पाच मिनिटं ठेवा. वर तेलाचे डोळे तरंगले तर मिश्रण जमलेलं नाही. तसंच फवारलं तर पंपातून आधी नुसतं पाणी आणि शेवटच्या जनावरावर नुसतं तेल जातं. बोअरच्या जड पाण्यात साबण फाटून चोथा होतो आणि नोझल तुंबतं. तिथे विहिरीचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी वापरा. हिवाळ्यात तेल गोठलं तर बाटली कोमट पाण्यात ठेवा, चुलीवर नको.

फवारणी धार काढल्यावरच करा. कास आणि सड सोडून पाय, पोट आणि मान भिजवा, एका गाईला अर्धा-पाऊण लिटर पुरतं. उघड्या जखमेवर नको. पहिल्यांदा मानेवर हाताएवढ्या जागी लावून दिवसभर बघा. पिकाच्या फवारणीचं तयार औषध मात्र घेऊ नका. त्यातली इतर द्रव्यं जनावराच्या अंगासाठी नसतात. उन्हात आणि पावसात असर लवकर उतरतो, म्हणून हे काम रोजचं धरा. १० पैकी ७.

यातलं काहीही घेण्याआधी गव्हाणीखाली फावडं घाला. सांडलेली कुट्टी, गोमूत्र आणि शेण मिळून दोन इंच खाली जो ओला थर असतो, त्यात पांढरट अळ्या वळवळताना दिसतील. तोच चावऱ्या माशीचा कारखाना. उन्हाळ्यात घरमाशीचं अंड्यापासून माशीपर्यंतचं चक्र ७ ते १० दिवसांत पुरं होतं, चावरीला साधारण तीन आठवडे लागतात. आठवड्यातून दोनदा हा थर खरवडून काढा. उकिरड्यावर काळा प्लास्टिक कागद घट्ट ओढा आणि कडा मातीने दाबा, कारण ढीग आतून तापतो पण कडा थंड राहतात आणि अळ्या तिथेच वाचतात. खरवडलेल्या ठिकाणी गावरान कोंबड्या सोडल्या तर उरलेलं त्या बघतात.

संध्याकाळी चिलटं असतील तर वरच्या तिन्हींपैकी कशावरही भिस्त ठेवू नका, भिंतीवरचा मोठा पंखा लावा. चिलट उडायला फार कमजोर, झोतात टिकत नाही. झोत पाय आणि पोटावरून गेला पाहिजे, आढ्यावरून नाही. कडुनिंबाच्या पाल्याचा धूर करायचा तर गोठा उघडा ठेवून, अर्धा तास. बंद गोठ्यात वासरांच्या डोळ्यांतून पाणी येतं आणि ती खोकायला लागतात. आवाजाने माश्या पळवणारी विजेची डबी? ती घेऊ नका.