आधी कोणता पाहावा? गाजलेले सिनेमे, त्यांची भावंडं आणि माझी उलटी मतं

जागतिक सिनेमा बघायचं मनावर घेतलेल्या माणसाच्या हाती पहिल्यांदा येते ती एखादी यादी. यादीतला पहिला सिनेमा तो भक्तिभावाने लावतो, तासाभरात चुळबुळ सुरू होते आणि शेवटी "हे आपल्यासाठी नाही" असं म्हणून तो कायमचा त्या वाटेला जात नाही. याचं मला फार वाईट वाटतं. माणसाला रस असतो, सिनेमाही चांगला असतो, फक्त सुरुवात भलतीकडून झालेली असते.

म्हणून इथे काही जोड्या लावल्या आहेत. एकीकडे सगळ्यांनी डोक्यावर घेतलेलं काम, दुसरीकडे बहुतेक वेळा त्याच दिग्दर्शकाचं किंवा नटाचं दुसरं काम. एकच संध्याकाळ मोकळी असेल तर आधी काय लावाल? माझं उत्तर बऱ्याच ठिकाणी बहुमताच्या विरुद्ध जातं, कारण बहुमताचं कौतुक डोळ्यांना दिसणाऱ्या कष्टांना लगेच चिकटतं: वाढवलेलं वजन, चढवलेला आवाज, कॅमेऱ्याची करामत. मला जिथे कष्ट दिसेनासे होतात ते काम मोठं वाटतं.

'व्हर्टिगो' की 'रिअर विंडो'

'साइट अँड साउंड' हे ब्रिटिश मासिक 1952 पासून दर दहा वर्षांनी समीक्षकांचा कौल घेतं. 1962 ते 2002 पर्यंत तिथे 'सिटिझन केन' पहिला होता. 2012 मध्ये दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉकच्या 'व्हर्टिगो'ने (1958) त्याला खाली ओढलं आणि तेव्हापासून हिचकॉक बघायचा म्हटलं की लोक 'व्हर्टिगो'कडे बोट दाखवतात.

माझं मत असं की 'व्हर्टिगो' हा हिचकॉकचा सर्वोत्तम सिनेमा नाही आणि त्याच्यापासून सुरुवात तर अजिबात करू नये. पहिल्या तासाचा मोठा भाग जेम्स स्टुअर्ट गाडीतून एका बाईचा पाठलाग करतो, त्यात जातो. कथेतला कट इतका ओढूनताणून बेतलेला आहे की जरा विचार केला तर कोसळतो. जिन्यावर उंचीची भोवळ दाखवणाऱ्या कॅमेऱ्याच्या प्रसिद्ध करामतीबद्दल जेवढं लिहिलं जातं, तेवढा वेळ ती पडद्यावर टिकतही नाही. तरी एक प्रसंग मी कुणालाही चुकवू देणार नाही. हॉटेलच्या खोलीत बाहेरच्या पाटीचा हिरवा उजेड पडलेला असतो आणि किम नोव्हाक स्टुअर्टला हव्या तशा वेशात, हव्या तशा केशरचनेत त्याच्यासमोर येते. त्या क्षणी स्टुअर्टचा चेहरा बघताना अंगावर काटा येतो. पण तिथवर पोचायला प्रेक्षकाला हिचकॉकची सवय लागलेली हवी.

ती सवय लावतो 'रिअर विंडो' (1954). त्याची सुरुवात नीट बघा. कॅमेरा मागच्या अंगणातल्या खिडक्यांवरून फिरतो आणि खोलीत येतो. झोपलेल्या माणसाच्या कपाळावर घाम, पायाला मांडीपर्यंत प्लास्टर, शेजारी मोडलेला कॅमेरा, भिंतीवर शर्यतीच्या गाडीचं चाक निखळून थेट आपल्याकडे उडत येताना टिपलेला फोटो. एक अक्षर न बोलता हा माणूस कोण, काय करतो आणि पाय कसा मोडला हे सगळं आपल्याला कळलेलं असतं. पुढचे जवळजवळ दोन तास आपण त्याच्याबरोबर खुर्चीला खिळतो. ग्रेस केली समोरच्या घरात शिरते आणि हा इकडून फक्त बघू शकतो, तेव्हा आपणही तितकेच हतबल असतो. आधी हाच लावा. 'व्हर्टिगो' चारपाच हिचकॉक बघून झाल्यावर.

मिफुने की शिमुरा

ही जोडी नटांची. जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावाचं नाव निघालं की पाठोपाठ तोशिरो मिफुनेचं निघतं. कुरोसावाच्या सोळा सिनेमांत तो आहे. पण ताकाशी शिमुरा एकवीस सिनेमांत आहे, आणि पोस्टरवर मात्र मिफुने असतो. मी मिफुनेचा चाहता आहे, तरी दोघांत निवडायला सांगितलं तर क्षणाचाही विचार न करता शिमुराचं नाव घेईन.

लुटारूंपासून शेतकऱ्यांचं गाव वाचवणाऱ्या सात योद्ध्यांच्या 'सेव्हन सामुराई'त (1954) मिफुने उड्या मारतो, ओरडतो, खाजवतो, रडतो. शेतकऱ्यांची बाजू घेऊन सामुराईंवर तो तुटून पडतो तो प्रसंग जबरदस्त आहे यात वाद नाही. शिमुरा मात्र सुरुवातीला एका मुलाला सोडवण्यासाठी भिक्षूचं सोंग घ्यायला डोकं भादरून घेतो आणि पुढे सबंध सिनेमाभर विचारात पडला की त्या तुळतुळीत डोक्यावरून हात फिरवत राहतो. एवढ्याशा लकबीतून त्याने सेनापती उभा केला आहे. मिफुनेकडे आपलं लक्ष जातं ते खरं, पण गावावरच्या संकटाचं वजन आपल्याला शिमुराच्या खांद्यांवर दिसतं.

पटत नसेल तर 'इकिरू' (1952) पाहा. दोन वर्षं आधीचा सिनेमा, तोच नट, आणि हा तोच माणूस आहे यावर विश्वास बसत नाही. पोटाच्या कर्करोगाने मरणाच्या दारात उभा असलेला, जन्मभर कागदांवर शिक्के मारलेला एक सरकारी कर्मचारी. उपाहारगृहात त्याला अखेर उमगतं की आपल्या हातून अजून काहीतरी होऊ शकतं, आणि तो खेळण्यातला ससा हातात घट्ट धरून लगबगीने जिना उतरतो. मागे मुलामुलींचा घोळका वाढदिवसाचं गाणं म्हणत असतो. गाणं जिना चढून येणाऱ्या मुलीसाठी आहे. आपल्याला मात्र ते उतरणाऱ्या म्हाताऱ्यासाठी ऐकू येतं.

मग आधी कोणता? इथे मी बहुमताबरोबर आहे: 'सेव्हन सामुराई'. 207 मिनिटांची धास्ती घेऊ नका, त्यातला वेळ कुठे जातो कळत नाही. 'इकिरू'चा शेवटचा मोठा भाग म्हणजे श्राद्धाला जमलेल्या लोकांची बोलणी आहेत. तिथे धीर लागतो, आणि शिमुरा आधीच ओळखीचा झाला असेल तर तो धीर आपोआप येतो.

'रेजिंग बुल' की 'द किंग ऑफ कॉमेडी'

दिग्दर्शक मार्टिन स्कॉर्सेसी आणि नट रॉबर्ट डी नीरो. एका मुष्टियोद्ध्यावरच्या 'रेजिंग बुल'साठी (1980) डी नीरोने सुमारे 27 किलो वजन वाढवलं, त्यासाठी चित्रीकरण थांबवून ठेवलं गेलं, आणि त्याला ऑस्कर मिळालं. तेव्हापासून 'नटाची निष्ठा' म्हटलं की हेच उदाहरण दिलं जातं. मला त्या वाढलेल्या पोटापेक्षा दिवाणखान्यातला टीव्हीचा प्रसंग मोठा वाटतो. बिघडलेल्या टीव्हीशी झटापट करता करता तो भावाला (ही भूमिका जो पेशी या नटाची) बायकोबद्दल एकेक प्रश्न विचारत जातो. संशय हळूहळू घट्ट होत जातो आणि भाऊ काहीही बोलला तरी आता सुटका नाही हे आपल्याला कळून चुकतं. वजन वाढवणं ही शिस्त झाली, अभिनय इथे आहे.

आणि हाच अभिनय 'द किंग ऑफ कॉमेडी'त अथपासून इतिपर्यंत आहे. तो सिनेमा तेव्हा सपशेल पडला. डी नीरोचा रुपर्ट पपकिन हा विनोदवीर व्हायची स्वप्नं बघणारा माणूस. घराच्या तळघरात त्याने टीव्हीवरच्या कार्यक्रमाचा मंच मांडलाय, पुठ्ठ्याचे पाहुणे बसवलेत आणि त्यांच्याशी तो खिदळत गप्पा मारतो. मध्येच वरून आई ओरडते, आवाज कमी कर म्हणून. (आईचा आवाज स्कॉर्सेसीच्या खऱ्या आईचा आहे.) रुपर्टला नकार ऐकूच येत नाही. कचेरीतली बाई अत्यंत सभ्य शब्दांत त्याला वाटेला लावते आणि हा तो सभ्यपणा होकार समजून तिथेच थांबतो. डी नीरोचा सगळा दरारा इथे नाहीसा झालेला आहे. मिशी, भडक कपडे, अघळपघळ हसू, आणि डोळ्यांत जराही भीती नाही. त्याच्या कोणत्याही गुंडापेक्षा हा माणूस मला जास्त घाबरवतो.

प्रसिद्धीची हाव या विषयावर याहून धारदार सिनेमा मी पाहिलेला नाही. आधी हा पाहा. 'रेजिंग बुल' छायाचित्रणासाठी आणि संकलनासाठी बघावाच. पण नायकाबद्दल माया वाटल्याशिवाय सिनेमा बघवत नसेल, तर तो तुम्हाला जड जाईल.

पुरस्कार मिळालेली भूमिका की न मिळालेली

अल पचिनोला ऑस्कर मिळालं 'सेंट ऑफ अ वुमन'साठी (1992). भूमिका अंध, निवृत्त लष्करी अधिकाऱ्याची. आरडाओरडा भरपूर, शेवटी टाळ्या घेणारं लांबलचक भाषण. माझ्या लेखी पचिनोच्या नावाजलेल्या कामांत हे सर्वात सोपं काम. 'द गॉडफादर'मधला (1972) उपाहारगृहाचा प्रसंग आठवा. समोरचा माणूस सिसिलियन भाषेत बोलतोय, खाली भाषांतराच्या ओळी नाहीत, आगगाडीचा आवाज वाढत जातो आणि पचिनोची बुबुळं इकडून तिकडे फिरतात. गोळी झाडायचा निर्णय आपण त्या डोळ्यांत होताना बघतो. त्या वर्षी सगळं कौतुक मार्लन ब्रँडोच्या गालांचं आणि आवाजाचं झालं. सिनेमा मात्र पचिनोचा आहे. त्याला ओळखायचं असेल तर 'द गॉडफादर' आणि पाठोपाठ 'डॉग डे आफ्टरनून' (1975). 'सेंट ऑफ अ वुमन' राहिला तरी चालेल.

लिओनार्डो डिकॅप्रियोचंही तेच. 'द रेव्हेनंट'मध्ये (2015) तो बर्फात सरपटतो, कच्चं यकृत खातो, आणि पुरस्कार घेऊन जातो. 'कॅच मी इफ यू कॅन'मध्ये (2002) टॉम हँक्सने पिस्तूल रोखलेलं असताना आपणही तपास अधिकारीच आहोत असं भासवून तो थंडपणे स्वतःचं पाकीट त्याच्या हातात देतो आणि चालता होतो. हँक्स पाकीट उघडतो तर आत कागदाचे कपटे. पळणाऱ्या पोराची भीती आणि मस्ती एकाच वेळी चेहऱ्यावर ठेवणं बर्फात लोळण्यापेक्षा कितीतरी अवघड. घरच्यांबरोबर बघायचा असेल तर प्रश्नच नाही, दुसरा लावा.

'जान डीलमान' की 'क्लेओ फ्रॉम फाइव्ह टू सेव्हन'

2022 च्या कौलात 'साइट अँड साउंड'ने पहिला क्रमांक दिला शांताल आकरमनच्या 'जान डीलमान'ला (1975). स्त्री दिग्दर्शकाचा सिनेमा तिथे पहिल्यांदाच पोचला. तेव्हापासून "तीन तास बाई बटाटे सोलते" अशी त्याची हेटाळणी चालू आहे, आणि जाणकार मंडळीही सल्ला देतात की आधी आन्येस वार्दाचा 'क्लेओ' (1962) बघा, दीड तासाचा आहे, हलका जाईल.

हा सल्ला मला पटत नाही. 'क्लेओ' गोड आहे, चटपटीत आहे. एक गायिका वैद्यकीय अहवालाची वाट बघत पॅरिसभर फिरते आणि तिच्याबरोबर आपणही फिरतो. पण तो बघून 'जान डीलमान'ची कसलीही तयारी होत नाही. 'जान डीलमान'मध्ये ब्रसेल्समधल्या एका विधवेचे तीन दिवस आहेत: स्वयंपाक, आवराआवर, मुलाचं जेवण आणि दुपारी पैसे देऊन येणारा पुरुष. पहिला दिवस काटेकोर. दुसऱ्या दिवशी बटाटे जास्त शिजतात आणि ही विधवा साकारणारी डेल्फीन सेरिग ते भांडं हातात घेऊन घरात फिरत राहते, कारण ते कुठे ठेवावं हेच तिला सुचत नाही. पहिल्या दिवसाची शिस्त आपण मिनिट न् मिनिट पाहिलेली असते, म्हणूनच ते एक भांडं बघून पोटात गोळा येतो. तीन तासांची लांबी तेवढ्यासाठी लागते. इथे कौल देणाऱ्यांचं बरोबर आहे आणि हेटाळणी करणाऱ्यांचं चूक.

तेव्हा सबंध रिकामा दिवस मिळेल तेव्हा फोन दुसऱ्या खोलीत ठेवा आणि 'जान डीलमान' एका बैठकीत बघा. तुकड्या-तुकड्यांनी बघणार असाल तर त्यापेक्षा 'क्लेओ' लावा.